चिनी रेल्वेला कर्ज कोणी द्यायचं यावरून झालेली मारामारी (आणि त्यात बुडालेलं राज्य)

जुना_हिशेबनीस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

मागच्या महिन्यात नाण्यानोटांच्या एका प्रदर्शनाला गेलो होतो. मी काही जमवत नाही, एका मित्राचं टेबल असतं तिथे फुकटचा चहा प्यायला जातो. तर त्याच्याकडे प्लास्टिकच्या कव्हरात एक भलामोठा कागद होता, छापील इंग्रजी मजकूर, कडेने वेलबुट्टी, आणि सोबत पोस्टाच्या तिकिटांसारखी बारीक बारीक कुपनं. नाव वाचा: 'इम्पीरियल चायनीज गव्हर्न्मेंट फाइव्ह पर्सेंट हुकुआंग रेल्वेज सिंकिंग फंड गोल्ड लोन ऑफ १९११' (हुकुआंग म्हणजे हुपेइ-हुनान हे प्रांत). दर्शनी किंमत २० पौंड. २० चे पाच टक्के म्हणजे वर्षाला एक पौंड, सहामाही दहा शिलिंग. दर सहा महिन्यांनी कात्री घ्यायची, एक कुपन कापायचं, बँकेत द्यायचं नि दहा शिलिंग घेऊन यायचं. या कागदावरची शेवटची बरीच कुपनं कापलेलीच नव्हती.

हा करार पेकिंगला २० मे १९११ ला झाला. रक्कम ६० लाख पौंड, देणारे इंग्रज, जर्मन, फ्रेंच नि अमेरिकन बँकवाले. पाच महिन्यांच्या आत वूचांगला बंड झालं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये सहा वर्षांच्या पोराच्या नावाने पदत्यागाचा हुकूम निघाला, अडीचशे वर्षांपेक्षा जास्त चाललेली छिंग राजवट खलास.

मी रेल्वेच्या अकाउंट्समध्ये ३१ वर्षं काढली त्यामुळे कराराचा कागद दिसला की अटी वाचायची खोड आहे. घरी येऊन हे चिनी रेल्वे करार वाचत सुटलो. आणि माझं असं मत झालंय की या सगळ्या भांडणात व्याजाचा दर ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट होती. पाच टक्के सगळेच लावत होते. खरी ओढाताण होती चीफ इंजिनिअर कोणाच्या देशाचा, चेकवर दुसरी सही कोणाची, रूळ-इंजिनं कुठून घ्यायची नि त्यावर दस्तुरी कोणाला, यावर. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निम्म्या वेळा या देशांना स्वतःला रेल्वे बांधायचीच नव्हती, फक्त दुसऱ्याने बांधू नये एवढंच हवं होतं.

जमेल तसं लिहितो. कोणाला माहिती असेल तर भर घाला.

बार्शीलाइट

वा वा, काका परत आले. माझ्या आवडीचा विषय, लगेच घुसतो.

सुरुवात वूसुंगपासून करा. १८७६, शांघाय ते वूसुंग. जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या लोकांनी चिनी अधिकाऱ्यांना सांगितलं की आम्ही गाड्यांसाठी रस्ता करतोय म्हणून जमीन घेतली आणि त्यावर गुपचूप रूळ टाकले!! गेज (दोन रुळांमधलं अंतर) किती, तर अडीच फूट, ७६२ मिमी, म्हणजे आपली बार्शी लाइट नि शकुंतला ज्या गेजवर धावायच्या तेच. ऑगस्टमध्ये एक माणूस इंजिनाखाली आला आणि बोंब झाली. शेवटी चिनी सरकारने ती लाइन २ लाख ८५ हजार टेलला विकत घेतली (टेल म्हणजे चांदीचं वजन, साधारण ३७ ग्रॅम), पैसे हप्त्याने दिले, आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर ऑक्टोबर १८७७ मध्ये पूर्ण लाइन उखडून काढली. सामान तैवानला पाठवलं.

लोक हसतात की बघा किती मागास, पण मला त्यात एक हिशेबीपणा दिसतो. फुकट नाही उखडली, पैसे मोजून आपली केली आणि मग उखडली.

टवाळबुद्धी

म्हणजे सोसायटीत कोणी न विचारता पत्रे टाकले की आपण पैसे देऊन काढून टाकतो तसं. चीन १, जार्डिन ०.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय)

जुना_हिशेबनीस (धागाकर्ता)

@बार्शीलाइट, धन्यवाद. अजून एक त्याच काळातलं. १८८१ मध्ये तांगशानच्या कोळसा खाणीसाठी दहाएक किलोमीटरची लाइन झाली, पण इंजिनाला परवानगी नाही, म्हणून सुरुवातीला वाघिणी खेचरं ओढायची. किंडर नावाचा इंग्रज इंजिनिअर तिथे होता, त्याने भंगारातून इंजिन जुळवलं, बॉयलर एका जुन्या यंत्राचा, चाकं मोडीतली. नाव काय ठेवलं, तर 'रॉकेट ऑफ चायना'. आणि त्याने हट्टाने गेज ठेवलं ४ फूट साडेआठ इंच, ते पुढे चीनचं प्रमाण गेज झालं. हा किंडर लक्षात ठेवा, पुढे रशियाच्या डोळ्यात सलणार आहे.

१८९५ पर्यंत चीनमध्ये रेल्वे म्हणजे जेमतेम काहीशे किलोमीटर. मग जपानशी लढाई हरले. शिमोनोसेकीच्या तहात २० कोटी टेल दंड, वर ल्याओदोंग (मांचुरियाच्या दक्षिणेचं द्वीपकल्प) परत मिळवायचे तीन कोटी. एवढी चांदी आणणार कुठून? इथे कर्ज द्यायला जी झुंबड उडाली ती बघण्यासारखी आहे. १८९५ मध्ये रशियाने फ्रेंच पैसा पुढे करून ४० कोटी फ्रँकचं कर्ज दिलं, चार टक्क्यांनी, वर स्वतःच्या सरकारची हमी. रशियाकडे स्वतःकडेच पैसा नव्हता! पॅरिसमध्ये उसना घेऊन पेकिंगमध्ये वाटत होते. इंग्रज-जर्मन बँकांनी मग १८९६ ला १ कोटी ६० लाख पौंड आणि १८९८ ला परत तेवढेच दिले.

आणि उपकाराची परतफेड? डिसेंबर १८९५ मध्ये रूसो-चायनीज बँक निघाली, भांडवल मुख्यतः फ्रेंच. पुढच्या वर्षी झारच्या राज्याभिषेकाला ली होंगझांग रशियात गेला आणि तिथे गुप्त तह करून आला, की सायबेरियन रेल्वे मांचुरियातून आरपार व्लादिवोस्तोकला न्यायची. विट्टे हा रशियाचा अर्थमंत्री यामागे. ली म्हणाला, रशियन सरकारला थेट नाही देणार, कंपनीला देईन. मग कंपनी काढली, चायनीज ईस्टर्न रेल्वे, मालक रूसो-चायनीज बँक. म्हणजे पाटी बदलली, दुकान तेच. मुदत ८० वर्षं, ३६ वर्षांनी चीनला विकत घ्यायची मुभा. गेज रशियन पाच फुटी. आता हे गेज साधं तांत्रिक वाटतं पण विचार करा, रशियन डबे थेट आत येणार आणि चिनी डबे सीमेवर थांबणार.

कोल्हापुरी_तडका

लीला लाच दिलती म्हणं रशियानं, ३० लाख रुबल? खरं हाय का राव?

जुना_हिशेबनीस (धागाकर्ता)

तीस लाखांचा वायदा होता असं बहुतेक जण लिहितात. पण मला विचाराल तर लाचेपेक्षा भीती मोठी होती. नुकताच जपानकडून मार खाल्लेला, आणि शिमोनोसेकीनंतर जपानला ल्याओदोंग सोडायला लावणाऱ्यांत रशियाच पुढे. काट्याने काटा काढायचा हे तर त्यांचं जुनंच धोरण. अडचण एवढीच की काटा बाहेर निघाला आणि दुसरा आत राहिला.

आता माझा सगळ्यात आवडता करार, पेकिंग-हानकौ. उत्तरेकडून थेट यांगत्से नदीपर्यंत, बाराशे किलोमीटर, चीनचा कणाच म्हणा. झांग झिदोंग हा तिथला बडा गव्हर्नर-जनरल आणि शेंग श्वानह्वाई रेल्वेचा डायरेक्टर, दोघांनी डोकं चालवलं. इंग्रजाला दिलं तर दक्षिण गेली, फ्रेंच-रशियनांना दिलं तर उत्तर गेली. मग एखादा लहान देश बघू, ज्याच्याकडे आरमार नाही, ज्याला आपल्या जमिनीत रस नाही. बेल्जियम!

करार झाला, ४५ लाख पौंड, पाच टक्के, चीनच्या हातात शंभराला नव्वद, शिवाय निव्वळ नफ्यातला २० टक्के वाटा बेल्जियनांना. अंतिम सह्या जून १८९८. आणि मग पेकिंगमधल्या इंग्रज राजदूताने, सर क्लॉड मॅकडोनल्डने, तो कागद नीट वाचला. कर्जाचे पैसे कोणत्या बँकेतून फिरणार? रूसो-चायनीज बँक. आणि बेल्जियन सिंडिकेटच्या मागे पैसा? बराचसा पॅरिसचा. म्हणजे नवरदेव ब्रसेल्सचा, वऱ्हाडी पॅरिसचे नि भटजी सेंट पीटर्सबर्गचा.

मॅकडोनल्ड पिसाळला. लंडनहून पंतप्रधान सॉल्झबरीने आदेश दिला, आता भरपाई मागा, नाही दिली तर हे मुद्दाम केलेलं वैर समजू, आणि आरमार जवळच होतं. इंग्रजांनी एका झटक्यात पाच लाइनींचे हक्क उकळले, त्यात काउलून-कँटन होती, सुचौ-हांगचौ-निंगपो होती, तियान्त्सिनहून यांगत्सेकडे जाणारी होती (ती जर्मनांबरोबर वाटून). आता या पाचांपैकी किती लगेच बांधल्या? एकही नाही! काउलून-कँटनचं कर्ज तर १९०७ ला ठरलं. जागा अडवून ठेवायची, टॉवेल टाकून. हेच मी वर म्हणत होतो.

सुमेधा_त

खूप छान धागा काका. एक भर. १८९८-९९ मध्ये हे लोक आपसातच वाटण्या करत होते आणि त्यात चीनला विचारतंय कोण. सप्टेंबर १८९८ मध्ये लंडनला इंग्रज आणि जर्मन बँकवाले बसले आणि ठरवलं की शांदोंग नि पीत नदीचं खोरं जर्मनांचं, यांगत्से इंग्रजांचं. जर्मनी आदल्याच वर्षी दोन मिशनऱ्यांच्या खुनाचं निमित्त करून शांदोंगमधल्या ज्याओचौला उतरला होता, ९९ वर्षांचा पट्टा घेतला आणि छिंगदाओ-जिनान रेल्वेचा हक्क त्याच कागदात. मग एप्रिल १८९९ मध्ये इंग्लंड-रशियाची चिठ्ठ्यांची देवाणघेवाण झाली: चीनच्या लांब भिंतीच्या उत्तरेला आम्ही रेल्वे मागणार नाही, यांगत्सेच्या खोऱ्यात तुम्ही मागू नका. दुसऱ्याच्या शेतात दोघांनी बांध घातला.

किंडरचं पण सांगा ना.

जुना_हिशेबनीस (धागाकर्ता)

हो हो. किंडर उत्तर चीनच्या सरकारी रेल्वेचा चीफ इंजिनिअर झाला होता. लाइन भिंतीच्या पलीकडे न्यूच्वांगकडे न्यायची म्हटल्यावर रशियन वकिलातीने सरळ मागणी केली की याला काढा, भिंतीबाहेर इंग्रज इंजिनिअर नको. एका इंजिनिअरच्या नोकरीवरून दोन साम्राज्यांचे खलिते! काढला नाही त्याला. पुढे १८९८ मध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेने त्या लाइनीला २३ लाख पौंड दिले तेव्हा रशियाने परत आडकाठी घातली, की भिंतीपलीकडची लाइन परक्याकडे गहाण पडता कामा नये. गंमत बघा, गहाण नको हे चीनच्या हिताचं वाक्य, पण म्हणतंय कोण.

हाँगकाँगची_सून

वाचनमात्र होते, पण हाँगकाँगचं नाव आलं म्हणून लिहिते. मोबाईलवरून टाइप करतेय, शुद्धलेखन माफ.

इथे चिम शा चुईला फेरीतून उतरलं की समोरच लाल विटांचा घड्याळाचा मनोरा दिसतो. सगळे तिथे सेल्फी काढतात. तो जुन्या काउलून-कँटन रेल्वेच्या स्टेशनचा उरलेला तुकडा आहे, बाकी स्टेशन पाडलं. मी रोज तिथून जाते आणि मला इतकी वर्षं वाटायचं ते कुठल्यातरी चर्चचं असेल :)

आणि त्या बँकेबद्दल, १८६५ मध्ये ती काढली तेव्हाच्या पहिल्या कमिटीत पारशी व्यापारी होते आणि मुंबईच्या व्यापारी घराण्यातले ससूनही. जार्डिनचा सगळा पसारा तर आधीपासूनच मुंबईच्या अफूवर, जमशेटजी जीजीभॉय त्यांचे जुने भागीदार. ह्याच बँकेने आणि जार्डिनने मिळून १८९८ मध्ये ब्रिटिश अँड चायनीज कॉर्पोरेशन काढलं, रेल्वेचे हक्क घ्यायला. म्हणजे माळव्याची अफू, मुंबईचं बंदर, कँटनची चांदी, आणि त्याच चांदीच्या ताकदीवर परत चीनला कर्ज.

टवाळबुद्धी

हा माझा जुना मुद्दा आहे. सगळं गोऱ्यांवर ढकलून मोकळं होऊ नका. आपल्याकडे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेला सरकारने पाच टक्क्यांची हमी दिली, तोटा झाला तरी लंडनच्या शेअरवाल्याला पाच टक्के, भरणार आपला शेतकरी. चीनला निदान भाव करायला चार गिऱ्हाइकं होती. आपल्याकडे एकच. कोणाची अवस्था बरी?

जुना_हिशेबनीस (धागाकर्ता)

@टवाळबुद्धी, प्रश्न चांगला आहे, टवाळ वाटत नाही. चार गिऱ्हाइकं होती म्हणूनच अटी हळूहळू सैल झाल्या, हे खरंय. ते उलगडून सांगतो कारण शेवटचा गोंधळ त्याशिवाय कळत नाही.

आधी अमेरिकनांची फजिती. हानकौ-कँटनचा हक्क १८९८ मध्ये अमेरिकन चायना डेव्हलपमेंट कंपनीला दिला. कारण तेच, लांबचे लोक, जमीन मागत नाहीत. त्यांनी सर्व्हेला पाठवला पार्सन्स, न्यूयॉर्कच्या पहिल्या भुयारी रेल्वेचा चीफ इंजिनिअर. १९०० मध्ये चार कोटी डॉलरच्या कर्जाची बोली झाली. आणि मग शेअर हळूच बाजारात कोणी उचलले? बेल्जियनांनी! राजा लिओपोल्ड दुसरा, काँगोवाला, तो यात होता. म्हणजे उत्तरेची अर्धी लाइन ज्यांच्याकडे, दक्षिणेची पण त्यांच्याच खिशात. कंपनीने बांधली किती, तर कँटनजवळ तीसएक मैलांचा फाटा. हुनान, हुपेइ, क्वांगतोंगमधले लोक भडकले, आणि झांग झिदोंगने १९०५ मध्ये तो हक्क साडेसदुसष्ट लाख डॉलर देऊन परत घेतला. रूझवेल्टना ते अजिबात आवडलं नाही, पण कंपनीतला बडा बँकवाला मॉर्गन, त्याला भाव पटला होता. आणि हे पैसे द्यायला झांगने ११ लाख पौंड कोणाकडून घेतले? हाँगकाँगच्या ब्रिटिश सरकारकडून. एकाची उधारी फेडायला दुसऱ्याची चिठ्ठी. वर झांगने लिहून दिलं की पुढे परदेशी कर्ज लागलंच तर आधी तुम्हाला विचारू. हे पत्र पुढे त्याच्या गळ्यात अडकलं.

मधल्या काळात जान त्यान्यो, येलमध्ये शिकलेला इंजिनिअर, त्याने पेकिंग-चांगज्याकौ लाइन १९०५ ते १९०९ मध्ये पूर्ण चिनी पैशात बांधली, डोंगरातून, एक किलोमीटरहून लांब बोगदा, छिंगलोंगच्याओला गाडी पुढे जाऊन उलटी चढणारा झिगझॅग. ती चिनी पैशात का झाली माहितीये? इंग्रज म्हणे रशियन नको, रशियन म्हणे इंग्रज नको. दोघांच्या खोड्यात तिसऱ्याचं काम झालं.

बार्शीलाइट

तो झिगझॅग म्हणजे आपल्या जुन्या भोर घाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनसारखा! इंजिनाची बाजू बदलायची नि उलट दिशेने चढायचं. फोटो बघून मला तेच आठवलं.

जुना_हिशेबनीस (धागाकर्ता)

बरोब्बर.

आता १९०८, तियान्त्सिन-पुकौ. ५० लाख पौंड, जर्मन आणि इंग्रज मिळून. इथे पहिल्यांदा चीनने ठणकावलं की रेल्वे गहाण टाकणार नाही, तारण म्हणून प्रांतांचा जकातीचा पैसा घ्या, बांधकाम नि कारभार आमच्या हातात, तुमचे इंजिनिअर नोकर म्हणून राहतील. आणि बँकांनी मान्य केलं! अकाउंट्सवाल्याच्या भाषेत सांगतो, आधीच्या करारात सावकाराचा मुनीम तुमच्या गल्ल्यावर बसलेला असायचा, आता मुनीम उठला, फक्त हप्त्याची तारीख राहिली.

१९०९. झांग झिदोंगला हुकुआंगसाठी, म्हणजे हुपेइ-हुनानच्या लाइनींसाठी, कर्ज हवं. त्या जुन्या पत्राप्रमाणे इंग्रजांना विचारलं. त्यांच्याकडून बोलणी करणारा ब्लँड, तो अडून बसला, खर्चावर आमचं नियंत्रण हवं म्हणजे हवं. झांग म्हातारा, आजारी, वैतागलेला. इतक्यात जर्मन बँकेचा माणूस आला, कॉर्डेस, म्हणाला आम्हाला तियान्त्सिन-पुकौच्या अटी चालतील. मार्चमध्ये झांगने त्याच्याशी सही केली सुद्धा! लंडनमध्ये आकांत. यांगत्सेच्या खोऱ्यात जर्मन! कुठे गेली ती १८९८ ची वाटणी? मग फ्रेंच मध्ये पडले, बर्लिनमध्ये बैठका झाल्या, शेवटी इंग्रज-फ्रेंच-जर्मन तिघांनी मिळून ६ जून १९०९ ला सह्या केल्या. मिटलं?

नाही. आता वॉशिंग्टन जागं झालं. आम्हालाही पूर्वी शब्द दिला होता, आम्हालाही वाटा. आणि राष्ट्राध्यक्ष टॅफ्टनी जुलैमध्ये सगळे शिष्टाचार गुंडाळून राजप्रतिनिधी प्रिन्स चुनला थेट तार केली. याला डॉलर डिप्लोमसी म्हणतात, म्हणजे पैशाच्या जोरावरचं परराष्ट्र धोरण. झांग ऑक्टोबरमध्ये वारला, करार लटकलेला. पुढचं दीड वर्ष कशात गेलं? कर्ज द्यायचं की नाही यात नाही, कोणत्या तुकड्यावर कोणाचा चीफ इंजिनिअर यात! शेवटी कँटनकडच्या तुकड्यावर इंग्रज, हानकौच्या पश्चिमेला यीचांगपर्यंत जर्मन, त्यापुढे अमेरिकन. लग्नात मानपानावरून रुसवेफुगवे चालतात तसं, आणि इकडे नवरी बसून बसून म्हातारी.

(त्याच वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री नॉक्स यांनी मांचुरियातल्या सगळ्या रेल्वे सगळ्या देशांनी मिळून विकत घेऊन तटस्थ करायची टूम काढली. परिणाम काय, तर पाच वर्षांपूर्वी एकमेकांच्या उरावर बसलेले रशिया नि जपान जुलै १९१० मध्ये गळ्यात गळे घालून करार करून मोकळे.)

कोल्हापुरी_तडका

मग अटी सैल झाल्या म्हणताय, मुनीम उठला म्हणताय, तर लोकं भडकली कशापायी? ही गोष्ट उलटी वाटतीय.

सुमेधा_त

हाच खरा प्रश्न आहे, आणि उत्तर सच्वानमध्ये आहे. काका, मी लिहू का? माझा हा आवडता भाग आहे.

१९०४ पासून पश्चिमेकडच्या सच्वान प्रांतात लोकांनी स्वतःची रेल्वे कंपनी काढली होती, हानकौला जोडायला, परक्यांचा पैसा नको म्हणून. पण सच्वानमध्ये बडे शेठ नाहीत, मग पैसा कुठून, तर शेताच्या उत्पन्नावर सुमारे तीन टक्के सक्तीची वसुली आणि बदल्यात शेअरचा कागद. म्हणजे ज्याने आयुष्यात रूळ बघितला नाही तो शेतकरी रेल्वेचा भागधारक! रेल्वे काही फार पुढे सरकली नाही. आणि १९१० मध्ये शांघायला रबराच्या शेअरचा फुगा फुटला त्यात कंपनीच्या तिथल्या मॅनेजरने सट्ट्यात सुमारे ३० लाख टेल बुडवले.

९ मे १९११ ला सरकारने जाहीर केलं, मुख्य लाइनी सरकारजमा. अकरा दिवसांनी ते परदेशी कर्ज. हे शेंग श्वानह्वाईचं काम. आणि भरपाईत भेदभाव: क्वांगतोंग नि हुनान-हुपेइला त्यातल्या त्यात बऱ्या अटी, आणि सच्वानला प्रत्यक्ष कामावर खर्च झालेल्या पैशापुरतेच रोखे. सट्ट्यात गेलेले तीस लाख? ते तुमचं तुम्ही बघा.

सच्वानची राजधानी चंगतू, तिथे लोकांनी काय केलं बघा. आदल्या बादशहाच्या, क्वांगशूच्या नावाच्या पाट्या केल्या, बाजूला त्याच्याच हुकमातली वाक्यं, की कारभार लोकमताने चालावा, सच्वानची रेल्वे व्यापाऱ्यांकडेच राहावी. घराघरावर पाट्या, आणि रस्त्यांवर मांडव घालून त्यात पाटी. आता अधिकारी पालखीतून आला की बादशहाच्या पाटीखालून बसून कसा जाणार? उतरावंच लागायचं. प्रत्येक मांडवाशी उतरा, नमस्कार करा, पुन्हा बसा. बंड पण करायचं आणि राजनिष्ठाही दाखवायची!

७ सप्टेंबरला गव्हर्नर-जनरल चाओ अरफेंगने पुढाऱ्यांना बोलावून अटक केली. लोक त्याच पाट्या छातीशी धरून यामेनवर (सरकारी कचेरीवर) गेले, सोडा म्हणायला. गोळीबार झाला, तीसच्या वर माणसं मेली. तारा बंद, वेशी बंद. मग काही जणांनी लाकडी फळ्यांवर बातमी लिहिली, त्यावर तेल चढवलं, आणि शेकडो फळ्या नदीत सोडल्या. गावोगावी लोकांनी त्या अडवून वाचल्या. पाण्याची तार म्हणतात त्याला.

बार्शीलाइट

अंगावर काटा आला. पाण्याची तार.

जुना_हिशेबनीस (धागाकर्ता)

सुमेधाताई, मी असं लिहू शकलो नसतो. पुढचं थोडक्यात मी सांगतो. सच्वान दडपायला हुपेइमधलं सैन्य हलवलं, त्वानफांग त्याचा प्रमुख. तिकडे वूचांगची छावणी हलकी झाली आणि १० ऑक्टोबरला तिथेच बंड झालं. त्वानफांगला नोव्हेंबरमध्ये त्याच्याच शिपायांनी मारलं. शेंगला २६ ऑक्टोबरला बडतर्फ केलं, तो जपानला पळाला.

@कोल्हापुरी_तडका, तुमच्या शंकेचं माझं उत्तर असं. परक्या सावकाराने अटी सैल केल्या त्या पेकिंगसाठी. सच्वानच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मुनीम उठलाच नाही, फक्त त्याच्या गल्ल्यातला पैसा पेकिंगने उचलला आणि त्यावर चार परदेशी सह्या दिसल्या. आणि ६० लाख पौंडाचं तारण काय, तर हुपेइ-हुनानचा लिकिन (अंतर्गत जकात) नि मिठाचा पैसा, म्हणजे परत गावच्या नाक्यावरचीच वसुली.

टवाळबुद्धी

थोडक्यात बाहेरच्यांची भांडणं दीड वर्ष कमी चालली असती तर करार १९०९ लाच झाला असता, झांग जिवंत असताना, आणि शांघायचे ते तीस लाख बुडायच्या आधी. टॅफ्टच्या तारेने राजवट घालवली असं म्हणू का?

जुना_हिशेबनीस (धागाकर्ता)

तसं म्हणायचा मोह मलाही होतो. पण झांग असता तरी सच्वानच्या शेतकऱ्याला रोख मिळाले असते असं त्याच्या वागण्यावरून वाटत नाही. तो पण कडक माणूस होता. एवढं मात्र नक्की की शेंगपेक्षा त्याला हुनान-हुपेइची नाडी कळत होती.

हाँगकाँगची_सून

काका, न कापलेल्या कुपनांचं राहिलं ना.

जुना_हिशेबनीस (धागाकर्ता)

अरे हो. व्याज पुढे तीसच्या दशकात थांबलं, मुद्दल १९५१ ला फेडायचं होतं ते कोणी फेडलंच नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत अलाबामा राज्यात काही रोखेधारकांनी चीनवर दावा लावला, याच हुकुआंग रोख्यांचा. चीन कोर्टात आलाच नाही, १९८२ मध्ये ४ कोटी डॉलरच्या वर एकतर्फी निकाल! मग राजनैतिक धावपळ, चीनने वकील लावले, अमेरिकन सरकारनेही कोर्टाला विनवलं, आणि १९८४ मध्ये निकाल रद्द. इंग्लंडशी मात्र १९८७ मध्ये जुन्या दाव्यांची मांडवली झाली, चीनने सुमारे २ कोटी ३५ लाख पौंड दिले.

मित्राला विचारलं, केवढ्याला देतोस. म्हणाला, कुपनं जितकी जास्त शिल्लक तितका भाव जास्त. मी मोजायला लागलो तर म्हणाला, कव्हरातून काढू नको, चहा सांडेल.